दिसणारी अक्षरे, वाचता येणारी अक्षरे

मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून मोजतात. तेव्हापासून आजवर खिळे गेले, ऑफसेट आले, संगणकावरची जुळणी आली आणि आता छापील अंकासोबत बऱ्याच ठिकाणी पीडीएफही मिळते. या बदलांचा हिशोब आपण नेहमी डोळ्यांच्या बाजूने मांडतो. कागद सुधारला का, अक्षर ठळक झाले का, चित्रे रंगीत झाली का, असे विचारतो. प्रस्तुत लेखात हाच हिशोब कानाच्या बाजूने मांडायचा आहे. तो मांडू लागले की असे दिसते, की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकावर जुळवल्या गेलेल्या मराठीचा मोठा भाग संगणकाच्या लेखी मराठी नाहीच.

हे विधान मी तंत्रज्ञ म्हणून करत नाही. मी पनवेलला राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारामुळे गेली दहा वर्षे छापील अक्षर वाचू शकत नाही. संगणकावर आणि फोनवर मी स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर. वीजबिल, बँकेचे संदेश, नातवंडांची पत्रे, वर्तमानपत्र आणि हार्बर लाइनवरच्या लांबलचक प्रवासात कादंबरी, हे सारे माझ्यापर्यंत त्याच वाटेने पोहोचते. पोहोचते तेव्हा उत्तम पोहोचते. पोहोचत नाही तेव्हा दोष कोणाचा, याचा शोध घेता घेता हा लेख तयार झाला.

अक्षर आणि अक्षराचे चित्र

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला क्रमांक कळतो. कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर हे ठरलेले असले, तरच एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्याला वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी असा ठराव नव्हता असे नाही. ‘इस्की’ नावाचे भारतीय प्रमाण १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरच बेतलेली होती. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे मोठे काम केले.

मराठी छपाईचा व्यवहार मात्र दुसऱ्या वाटेने गेला. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा नावांनी जे फॉन्ट घराघरांत आणि छापखान्यांत पोहोचले, त्यांच्या त्या काळच्या रचनेत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की पडद्यावर मराठीच दिसते. पण फाइलमध्ये साठवली जातात ती ‘ई, जे, के, बी, एच’ ही पाच इंग्रजी अक्षरे. ‘किती’ लिहिले तर ‘एफ, डी, आर, एच’. यातला पहिला ‘एफ’ म्हणजे पहिली वेलांटी. ती डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते म्हणून टंकयंत्राच्या सवयीप्रमाणे ती आधी टाइप केली जाते. आपण उच्चारताना आधी ‘क्’ म्हणतो आणि मग ‘इ’. इथे क्रम आकृतीचा आहे, भाषेचा नाही.

डोळस वाचकाला यातले काही जाणवत नाही, कारण त्याच्यासमोर शेवटी कागद येतो. स्क्रीन रीडरसमोर मात्र क्रमांक येतात, आणि तो इमानदारीने ‘ई जे के बी एच’ वाचतो. मी एका अंकाची पीडीएफ रीतसर पैसे भरून घेतली, तेव्हा संपादकीयाच्या जागी मला अशीच इंग्रजी अक्षरांची रांग ऐकू आली. दुसऱ्या एका अंकाची पाने छायाचित्रांच्या रूपात होती. तिथे यंत्राने दस्तऐवज रिकामा असल्याचे सांगितले. अडीचशे पानांच्या अंकाला रिकामा म्हणणे हे ऐकायला विनोदी वाटते. पण यंत्र खरे बोलत होते. त्या फाइलमध्ये मराठीचे एकही अक्षर नव्हते, फक्त अक्षरांची चित्रे होती.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने युनिकोड मजकुराच्या रूपात उपलब्ध केली आहे. पनवेलमध्ये बसून मी त्यात कोणताही शब्द शोधू शकते आणि नोंद ऐकू शकते. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही अशाच वाचता येतात. म्हणजे पावणेदोनशे वर्षे होत आलेला कोश मला वाचता येतो आणि गेल्या वर्षीचा दिवाळी अंक येत नाही. हा फरक तंत्रज्ञानाच्या वयाचा नाही. एका ठिकाणी मजकूर जपला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचे रूप, एवढाच तो फरक आहे.

‘ल’ची वळणे आणि ‘ऱ’ची गंमत

आपली लिपिचर्चाही रूपाभोवतीच फिरते. राज्य शासनाने देवनागरी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला आणि त्यात पुढे १० नोव्हेंबर २०२२ रोजी सुधारणा केली. या निर्णयांवर बोलले गेले ते बहुतांशी ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणांबद्दल. मराठी वळणाचा ‘ल’ हवा, हिंदी वळणाचा नको, ही भावना मी समजू शकते. मीही फळ्यावर मराठी ‘ल’च गिरवून घेत असे. पण युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही ‘ल’ एकच आहेत आणि वळण ही फॉन्टची बाब आहे. ज्यांच्यासाठी अक्षर दोनदा वेगळे साठवले जाते आणि म्हणून खरा घोळ होतो, अशा गोष्टींवर मात्र फारशी चर्चा झाली नाही.

‘ॲ’ हे अक्षर घ्या. ते एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र काढण्याची पद्धत होती आणि ती आजही चालू आहे. दिसायला दोन्ही सारखेच. पण एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲप’ शोधायला गेले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडेलच याची खात्री नसते, आणि काही आवाज दुसरा प्रकार वाचताना ‘अ’वर थबकतात.

‘ऱ्य’ तर त्याहून मजेचा. तोही दोन पद्धतींनी लिहिता येतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना हा अर्धा ‘ऱ’ अनेकदा रफार होऊन बसतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातल्या माणसाला समुद्र भेटतो. ‘आचाऱ्यांना जेवायला बसवले’ असे लेखकाने लिहिलेले असते, ते ‘आचार्यांना जेवायला बसवले’ असे ऐकू येते आणि स्वयंपाकघरातले सगळे एकदम गुरुपदाला पोहोचतात. मुद्रितशोधक हे पकडू शकतो. पण रूपांतर केलेली फाइल मुद्रितशोधकाकडे जातच नाही, कारण ती ‘खरा’ अंक मानली जात नाही.

यंत्राचा उच्चार

मजकूर नीट असला तरी पुढचा प्रश्न आवाजाचा. इथे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मुद्दाम नोंदवायला हवे. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर मायकल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ साली लिहायला घेतला. तोवर महागड्या सॉफ्टवेअरवाचून पर्याय नव्हता, तिथे त्याने सामान्य माणसाला संगणक उघडून दिला. आज अँड्रॉइड फोनवर मराठी आवाज मिळतो. काही वर्षांपूर्वी हिंदी आवाजावर मराठी ऐकावी लागे आणि ‘ळ’ची वाट लागे. आमच्या तालुक्यातल्या शिरढोणचे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या नावातला ‘बळवंत’ तेव्हा ‘बलवंत’ होऊनच यायचा.

तरीही मराठीच्या काही खोड्या यंत्राला अजून पुरत्या उमगलेल्या नाहीत. आपला ‘च’ दोन प्रकारचा आहे आणि लिपी तो फरक दाखवत नाही. ‘चिंच’ या एका शब्दात पहिला ‘च’ तालव्य आणि दुसरा दंततालव्य. ‘माझा’मधला ‘झ’ वेगळा, ‘माझी’मधला वेगळा. लहानपणापासून मराठी बोलणाऱ्याला हे कोणी शिकवत नाही. यंत्राला मात्र नियम किंवा शब्दकोश द्यावा लागतो. विविध आवाज यात कमीअधिक यशस्वी होतात.

या बाबतीत मी वापरकर्ती म्हणून फारशी तक्रार करत नाही, आणि त्याचे कारण महत्त्वाचे आहे. यंत्राने ‘चाक’ चुकीच्या ‘च’ने उच्चारले तरी मला शब्द कळतो, कारण मूळ अक्षर शाबूत असते. शंका आली तर मी बाण सरकवून एकेक अक्षर ऐकू शकते. उच्चाराची चूक माझा कान दुरुस्त करतो. अक्षरच नसेल तर दुरुस्त काय करणार? म्हणून प्राधान्य कशाला द्यायचे हे ठरवायचे झाले, तर मी गोड आवाजाआधी खरा मजकूर मागेन.

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे

‘पण आता श्राव्य पुस्तके आहेत ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात सद्भावच असतो. स्टोरीटेलने २०१७ साली भारतात पाऊल ठेवल्यापासून मराठी श्राव्य पुस्तकांना चांगले दिवस आले. अनेक नटांनी आणि निवेदकांनी उत्तम वाचन केले आहे. मी ती आनंदाने ऐकते. पण ती माझ्या वाचनाची जागा घेऊ शकत नाहीत.

निवेदक जेव्हा वाचतो तेव्हा तो अर्थ लावून वाचतो. कुठे थांबायचे, कोणते वाक्य उपरोधाने म्हणायचे, कोणत्या पात्राला कोणता स्वर द्यायचा, हे त्याने ठरवलेले असते. ती एका वाचकाची समीक्षाच असते, पण ती माझी नसते. स्क्रीन रीडरचा सपाट, निर्विकार आवाज ऐकून लोक माझी कीव करतात. मला तो आवाज छापील पानासारखा वाटतो. तो वाक्यावर स्वतःचे काही लादत नाही. उपरोध कुठे आहे ते मला शोधावे लागते, आणि तो सापडल्याचा आनंदही मलाच होतो. वेग माझ्या हातात असतो. परिच्छेद मागे जाऊन पुन्हा ऐकता येतो, शब्द शोधता येतो, उतारा जसाच्या तसा उतरवून घेता येतो. वाचकाचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

निवडीचाही प्रश्न आहे. ध्वनिमुद्रण खर्चिक असते, त्यामुळे जे खपेल ते आधी मुद्रित होते. प्रबंध, कवितासंग्रह, समीक्षेची पुस्तके, स्थानिक इतिहास यांच्या वाट्याला आवाज क्वचितच येतो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर त्याला कोणाच्या आवाजाची वाट पाहावी लागत नाही.

आणि शिक्षिका म्हणून मला सर्वांत जास्त बोचणारा मुद्दा शुद्धलेखनाचा. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला ‘पाणी’तली दीर्घ वेलांटी आणि ‘कवि-कवी’मधला फरक कसा कळावा? बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ बहुधा पुसलेलेच असतात. ब्रेल शिकलेल्या मुलाच्या बोटाखाली मात्र प्रत्येक स्वर वेगळा येतो. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’. उच्चाराचा हाच क्रम पुढे युनिकोडने ठेवला. सहा ठिपक्यांच्या लिपीला जे कळले होते ते आमच्या डीटीपीला कळले नाही. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘स्पर्शज्ञान’ या मराठी ब्रेल पाक्षिकाचे मोल त्यामुळेच मोठे आहे. त्याने दृष्टिहीनांना बातम्या दिल्या, आणि त्याहून अधिक, लिहिलेली मराठी दिली. डिजिटल मजकूर खरा असेल तर तो ब्रेल मुद्रकावर आणि ब्रेल पट्टीवरही उमटू शकतो. चित्र उमटत नाही.

कायदा पुढे, व्यवहार मागे

हा विषय दयाबुद्धीचा राहिलेला नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, कलम ५२(१)(झेडबी) अन्वये, दिव्यांग व्यक्तींसाठी ना-नफा तत्त्वावर पुस्तकाचे सुगम्य रूप तयार करायला परवानगीची गरज उरली नाही. २०१३च्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, आणि तो करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४२वे कलम श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची किमान मानके ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असली पाहिजेत असे सांगितले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काशी जोडला.

२०११च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख होत्या. त्यांत वाढत्या वयाने किंवा मधुमेहाने नजर अधू झालेले, पण स्वतःला दिव्यांग न म्हणवणारे वाचक मिळवले तर आकडा कितीतरी वाढेल. दिवाळी अंकांचा निष्ठावान वर्गणीदार नेमका याच वयाचा आहे. त्याला आज अक्षर बारीक वाटते, उद्या दिसेनासे होईल.

कायद्याची मर्यादा अशी, की तो सुगम्य रूप तयार करायला परवानगी देतो, पण तयार करून देत नाही. स्वयंसेवकाने पुस्तक स्कॅन करायचे, ओसीआरने अक्षरे ओळखायची, मग ओळ न् ओळ तपासायची. ज्या मजकुराची फाइल प्रकाशकाच्या संगणकात आधीच आहे, तो मजकूर कागदावरून पुन्हा ओळखण्याचा हा उलटा प्रवास.

तीन हरकती

प्रकाशकांशी बोलताना मला तीन हरकती ऐकायला मिळाल्या, आणि तिन्हींत तथ्याचा अंश आहे.

पहिली चोरीची. खरा मजकूर दिला तर तो सहज उचलला जाईल. भीती खोटी नाही. पण चोरी आजही होतेच, आणि ती स्कॅन केलेल्या पीडीएफची होते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पुस्तकांना युनिकोडची गरज भासलेली नाही. मजकूर चित्रात कोंडल्याने चोर अडत नाही, माझ्यासारखा पैसे मोजणारा वाचक अडतो.

दुसरी खर्चाची आणि हाताच्या सवयीची. वर्षानुवर्षे एकाच कळफलकावर बोटे बसलेला ऑपरेटर एका रात्रीत बदलणार नाही, आणि त्याच्या पोटावर पाय यावा असे मी म्हणणार नाही. पण तोच जुना कळफलक युनिकोडमध्ये वापरू देणारी साधने आता उपलब्ध आहेत. बोटे तीच राहतात, साठवले जाते ते बदलते.

तिसरी सौंदर्याची: युनिकोडमध्ये चांगले टाइप नाहीत. वीस वर्षांपूर्वी हे खरे होते. विंडोज २०००सोबत मंगल आला तेव्हा त्याच्या रूपावर कोणी भाळले नसेल. पण मुंबईच्या एक टाइप संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे खुले टाइप आज सर्वत्र वापरले जातात, आणि ते देखणे आहेत असे ज्यांना दिसते ते सांगतात.

अलीकडे चौथे उत्तर मिळू लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता फोटोतूनही वाचते, मग हा खटाटोप कशाला? मी ती रोज वापरते. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद असल्याची सूचना फोटो म्हणून येते, ती मला तिच्यामुळेच कळते. सूचनेसाठी ती पुरेशी आहे, साहित्यासाठी नाही. जुने ओसीआर ‘घ’चा ‘ध’ करी, तेव्हा शब्द विचित्र वाटे आणि चूक कळे. नवे यंत्र न उमगलेल्या जागी शोभेलसा शब्द बसवते. कवितेत लेखकाने मुद्दाम टाकलेला अनपेक्षित शब्द त्याला चूक वाटू शकतो आणि ते तो गुळगुळीत करून देते. डोळस वाचक मूळ पानाशी ताडून पाहील. मी कशाशी ताडू?

मागणे काय

मागणे थोडे आहे. लेखकाकडून आलेला मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा आणि मुद्रितशोधन झालेली तीच प्रत जपून ठेवावी. पीडीएफसोबत ईपब द्यावे. युनिकोडमध्ये जुळवलेल्या मजकुराचीही पीडीएफ करताना जोडाक्षरे बऱ्याचदा मोडतात, ईपबमध्ये मजकूर मजकूरच राहतो. व्यंगचित्राखाली दोन ओळींचे वर्णन लिहावे. ते लिहिणे हीसुद्धा एक कला आहे आणि मराठीत ती अजून घडायची आहे.

हे केवळ आमच्यासाठी नाही. ज्या फाइलमध्ये मला वाचता येत नाही, तिच्यात अभ्यासकाला संदर्भ शोधता येत नाही, कोशकाराला शब्दप्रयोग सापडत नाही, आणि ज्या फॉन्टमध्ये ती बनली तो फॉन्ट पुढच्या संगणकावर चालेनासा झाला की ती संपादकालाही उघडता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी आपण शिलालेखांपासूनचे पुरावे मांडले. दगडावरचे अक्षर दोन हजार वर्षांनी लावता येते. १९९८ सालच्या डीटीपी फाइलमधले आजच लावता येत नाही, याकडे अभिजाततेच्या उत्सवात कोणाचे लक्ष गेले नाही.

वाचकांनी एक साधी परीक्षा करून पाहावी. आपल्याकडच्या कोणत्याही मराठी अंकाची पीडीएफ उघडावी, एक ओळ निवडून कॉपी करावी आणि फोनवरच्या संदेशात चिकटवावी. ओळ जशीच्या तशी मराठीत उमटली तर तो अंक मलाही वाचता येईल. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला, जोडाक्षरे फुटली किंवा ओळ निवडलीच गेली नाही, तर ते संपादकांना कळवावे. वर्गणीदाराच्या पत्राला संपादक किंमत देतात. प्रस्तुत अंकही या परीक्षेला अपवाद नसावा.